ओरिजिनल आहे ना?

कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या नावाने विकणाऱ्या वाशीच्या पेट्यांबद्दल जे बोलायचं ते सगळ्यांनी बोलून झालं आहे, तेव्हा तो विषय पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. चिडचिड झाली ती वेगळ्याच कारणाने. मुंबईत 'ओरिजिनल रत्नागिरी हापूस' अशी पाटी दिसली तर एक वेळ समजू शकतं. मुंबईत खारं पाणी सोडलं तर सगळंच बाहेरून येतं. पण हीच पाटी रत्नागिरीत, मारुती मंदिर ते साळवी स्टॉप एवढ्याशा रस्त्यावर दिसावी? देवळाच्या दारावर 'आत खरा देव आहे' असं कोणी लिहीत नाही. ज्या गावाच्या नावावर जगात आंबा विकला जातो, त्या गावात त्याच आंब्याला चारित्र्याचा दाखला लावून बसवावं लागत असेल, तर कोणीतरी कुठेतरी फार खोटं बोलून ठेवलेलं आहे.

त्यातून पाटीवर 'ओरीजनल रत्नागीरी हापुस' असं लिहिलेलं. तीन शब्द, चार चुका. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा माणूस हल्ली विक्षिप्त ठरतो; ठरू दे. ज्याला स्वतःच्या गावाची वेलांटी सांभाळता येत नाही तो आढीतला आंबा सांभाळत असेल, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

हा 'ओरिजिनल' मराठीत बहुतेक कचेरीच्या खिडकीतून शिरला. 'झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा.' तिथे तो सरळमार्गी होता. एक खरा कागद, बाकी त्याच्या प्रती. गॅरेजपर्यंतही तो ठीक चालला. 'ओरिजिनल पार्ट टाकू का लोकल?' असं मेकॅनिक विचारतो तेव्हा निदान निवड गिऱ्हाइकाच्या हातात असते आणि दोन्ही दर तोंडावर सांगितलेले असतात. बाजारपेठेत आल्यावर मात्र तो बिघडला. ओरिजिनल गावठी अंडी, ओरिजिनल मालवणी मसाला, ओरिजिनल लेदर, ओरिजिनल चार्जर. मग त्यालाही पायऱ्या पडल्या: 'फुल ओरिजिनल', 'ओरिजिनलसारखंच', 'त्यातल्या त्यात ओरिजिनल'. 'एकदम ओरिजिनल वाटतं हो!' हे कौतुक तर फक्त नकली वस्तूचंच करता येतं. खऱ्या वस्तूला कसलंतरी वाटण्याची गरज नसते.

माणसांनाही तो लागतो. डोंबिवलीत जन्मलेल्या, डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला 'तुम्ही ओरिजिनली कुठले?' असं विचारलं की तो छाती काढून 'रत्नागिरीचे' म्हणतो. गावी येतो गणपतीला आणि जमलं तर शिमग्याला. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, म्हणूही नये. पण मग धारवाडहून आलेला, दोन रात्री वाशीच्या गाळ्यात काढलेला आंबा तोच नियम स्वतःला लावू बघतो.

आता खोटं नाव लावणारे जी कारणं सांगतात त्यांकडे येऊ. 'सगळेच करतात', 'माल वरूनच तसा येतो', 'दलालाने केलं, आम्हांला काय ठाऊक' ही मंडळी आता इतकी म्हातारी झाली आहेत की त्यांना पेन्शन देऊन घरी बसवावं. या हंगामात एक वेगळं कारण जोरात आहे आणि ते सांगणारे ते मोठ्या सात्त्विक चेहऱ्याने सांगतात: 'गिऱ्हाईकच ओरिजिनल मागतं हो. नाही म्हटलं तर पुढच्या गाळ्यावर जातं. मग आम्ही काय करणार?'

या कारणाची घडण न्याहाळण्यासारखी आहे. यात फसवणारा कोणीच उरत नाही. गिऱ्हाइकाला 'हो' ऐकायचं होतं, विक्रेत्याने 'हो' म्हटलं. झाली ती सेवाच. याच न्यायाने उद्या रत्नागिरीच्या स्टँडवर एखाद्या आजींनी विचारावं, 'लांज्याला जाते ना रे बाबा?' आजींना 'हो' ऐकायचं आहे हे ओळखून कंडक्टरने 'हो, बसा' म्हणावं आणि गाडी न्यावी गणपतीपुळ्याला. आजी रागावल्या तर सांगावं, 'आजी, लांजा तुम्हीच मागितलंत. नाही म्हटलं असतं तर तुम्ही वडापने गेला असतात. आणि गणपतीपुळं काय वाईट आहे? समुद्र आहे, देव आहे, चार घटका बसा.' आजींनी पुन्हा तक्रार केली तर शेवटचा हुकमी एक्का: 'आजी, खरं सांगा, खिडकीतून बघताना फरक कळला का तुम्हांला?'

बरं, गिऱ्हाइकाच्या शब्दाला एवढा मान आहे म्हणावं, तर गिऱ्हाईक बाकीही पुष्कळ काही मागत असतं. पेटीमागे दोनशे कमी करा म्हणतं. त्या मागणीपुढे कोणाची मान झुकलेली ऐकिवात नाही. डागी फळ नको म्हणतं. खालच्या थरात ते हमखास भेटतं. वरचं फळ जेवढं तेवढंच खालचं असू दे म्हणतं. पेटीच्या तळाशी गेल्यावर आंब्याचं बालपण दिसू लागतं. गिऱ्हाइकाचा हुकूम शिरसावंद्य ठरतो तो नेमका एका शब्दापुरता, आणि तो शब्द छापायला स्टिकरवर काही पैसे लागतात.

स्टिकर! रत्नागिरीचा आंबा पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काही न चिकटवता ओळखला जात होता. आता फळ धुण्याआधी त्याचं सोनेरी, लंबगोल, डिंकाने माखलेलं प्रमाणपत्र नखाने खरवडून काढावं लागतं. या स्तंभाचा स्टिकरवरचा राग जुना आहे आणि तो आता जाणार नाही.

कर्नाटकचा आंबा वाईट असतो, असं कोणी समजू नये. धारवाडकडे, रामनगर भागात हापूसची लागवड भरपूर आहे; रामनगर-बंगळूर पट्ट्यात त्याला बदामी म्हणतात आणि लोक तो त्याच नावाने आवडीने खातात. जाणकार सांगतात की रत्नागिरीच्या फळाची साल पातळ, कापल्यावर गर केशरी. तिकडच्याची साल जाडसर, गर पिवळट. पण हा फरक कळतो सुरी लावल्यावर, आणि सुरी लागते पैसे दिल्यावर. तिकडच्या शेतकऱ्याने मोहोर राखला, फवारण्या केल्या, तुडतुड्याशी झगडला, फळ उतरवलं. आणि वाशीत त्याच्या आंब्यावरून त्याचं गावच पुसून टाकलं. रत्नागिरीचं नाव चोरीला गेलं म्हणून रत्नागिरीत निषेध तरी होतो. धारवाडवाल्याचं नाव कोणी चोरलं नाही, नुसतं फेकून दिलं. त्याच्या बाजूने अजून कुठे पत्रक निघालेलं दिसत नाही. मुंबईत ज्याने रत्नागिरीचा म्हणून गोड आंबा खाल्ला, त्याने शाबासकी मात्र रत्नागिरीला दिली. आणि आंबट निघाला तर शिव्याही रत्नागिरीलाच.

चोखंदळ म्हणवणारी काही गिऱ्हाइकं पेटी उघडली की फळाच्या आधी आतली रद्दी बघतात. कागद कानडी असेल तर माल कर्नाटकचा, मराठी असेल तर आपला. पण ही तपासणी ज्याला चुकवायची आहे त्याला मराठी रद्दी काही महाग पडत नाही. वर्तमानपत्रांतल्या चिंतनाच्या स्तंभांचा समाजाला नेमका उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी: धारवाडच्या आंब्याला रत्नागिरीकर करण्याच्या कामी ते येतात.

कायदा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठासह देवगड, रत्नागिरी आणि केळशीकडच्या उत्पादक संस्थांनी त्यासाठी खटपट केली होती. कागदावर हे मानांकन पाच जिल्ह्यांचं आहे: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर. म्हणजे अलिबागचा हापूस कायद्याच्या लेखी रत्नागिरीच्या हापूसइतकाच हापूस. हे वाक्य रत्नागिरीत मोठ्याने म्हणून बघावं. मानांकनाचं सगळं कौतुक तिथल्या तिथे थंड होतं. नाव खोटं लावणाऱ्याला तुरुंगापर्यंतची शिक्षा १९९९ च्या कायद्यात लिहिलेली आहे. पण ज्याला नाव लावायचं त्या बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी केलेले एकूण बागायतदारांच्या मानाने थोडेच. कारण विचारलं की 'बघू, पुढच्या हंगामात' असं खास कोकणी उत्तर येतं. दरम्यान जुन्नरच्या 'शिवनेरी हापूस'साठी अर्ज झाला, गुजरातेतून 'वलसाड हापूस'साठी झाला. नोव्हेंबर-डिसेंबरात, इथल्या झाडांना धड मोहोरही आलेला नसतो तेव्हा, आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस वाशीत उतरतो. तो निदान मलावीचा म्हणून विकला जातो; विमानाच्या भाड्याचा अभिमान आड येत असावा.

मानांकन असलेल्या कोल्हापुरी चपलेबाबत मात्र वेगळं घडलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्र केवढा तापला होता. तापलेल्यांतल्या कितींच्या अंगात 'फर्स्ट कॉपी'चा शर्ट होता, हे विचारू नये. गंमत अशी की कोल्हापुरीचं २०१९ चं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची कोल्हापुरी ही कायद्याने कोल्हापुरीच. पायात जे निभावलं ते ताटात निभावत नाही.

आणि खुद्द हापूस तरी किती ओरिजिनल? पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधली, अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आंब्याला नाव पडलं असं सांगतात, आणि त्याचं होता होता हापूस झालं. गोव्यात आजही मानकुरादपुढे हापूसला फारसं कोणी विचारत नाही, ही गोष्ट रत्नागिरीत शक्यतो बोलत नाहीत. हापूसची कोय रुजवली तर झाड येईल, हापूस येईलच असं नाही. म्हणून काडी आणून कलम बांधायचं. म्हणजे बागेतलं प्रत्येक हापूसचं झाड ही आधीच्या झाडाची हुबेहूब प्रत. बाजारात ज्याला ओरिजिनल म्हणून दुप्पट दर मिळतो तो आंबा मुळात शेकडो वर्षं चालत आलेली कॉपी आहे, आणि ती जितकी चोख तितका भाव जास्त. कोयीपासून स्वतःच्या मर्जीने उगवलेला, दुसऱ्या कुठल्याही झाडासारखा नसलेला आंबा हवा असेल तर तो रायवळ. त्याला पेटी नाही, स्टिकर नाही. तो पाटीतून येतो, चोखून खातात, उरला तर त्याचं साट घालतात, आणि त्याच्या विक्रेत्याला 'ओरिजिनल आहे ना?' असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

बरं, ओरिजिनलबरोबर साका येतो तोही ओरिजिनलच. बाहेरून फळ राजबिंडं, कापल्यावर कोयीजवळचा गर पांढुरका आणि आंबट. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. त्याला आता चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला. बाजारात 'रत्ना आहे का?' असं विचारून बघा. विक्रेता क्षणभर विचार करील आणि म्हणेल, 'आहे ना! ओरिजिनल देऊ?'

रत्नागिरीकरांनी मात्र हात झटकून बाजूला होऊ नये. परजिल्ह्यातला, परराज्यातला माल आणून तो इथल्या पेट्यांत भरण्याचे उद्योग फक्त वाशीत चालतात, असं इथलेच जुने बागायतदार म्हणत नाहीत. महामार्गावर चारचाकी थांबवून, खिडकीची काच खाली करून 'बागेतलाच का?' असं विचारणाऱ्या पाहुण्याला 'आमच्याच बागेतला' असं उत्तर मिळतं. बाग कुठे, हे पाहुणा विचारत नाही. त्याला पुढे सावंतवाडी गाठायची असते.

देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळाला सांकेतिक क्रमांकाचा, काढला की फाटणारा शिक्का लावायचा ठरवला. मोबाइलवरून क्रमांक पाठवला की फळ कुठलं ते कळतं. चांगली गोष्ट आहे. म्हणजे स्टिकरवरचा इलाज पुन्हा स्टिकरच निघाला, तोही आधीच्यापेक्षा चिवट. पण निदान त्यावर काही विचारता येतं आणि उत्तर येतं. त्याहून सोपं म्हणजे पेटी घेताना बागेचं गाव लिहिलेलं बिल मागावं. 'बिल? आंब्याचं?' असं म्हणून विक्रेता ज्या नजरेने बघतो, ती सहन करण्याची तयारी ठेवावी.

नाहीतर मेअखेरपर्यंत थांबावं. तेव्हा पेट्या संपतात, पावसाचे ढग जमायला लागतात आणि उरलेला सगळा माल क्रेटमधून कॅनिंगला निघतो. कॅनिंगवाला काटा लावतो, किलोचा दर सांगतो. बागायतदार घासाघीस करतो, दोघेही एकमेकांना लबाड समजतात, आणि 'ओरिजिनल' हा शब्द त्या सगळ्या व्यवहारात एकदाही येत नाही.