बत्तीस अंशांना हसणाऱ्या नागपूरकरास

बॅग मिटू नकोस. उघडीच राहू दे. काय दिवे लावलेस ते बघू दे मला.

"बाई, आम्ही ४५ अंश झेलणारी माणसं, सिंगापूरला तर जेमतेम ३२!" केवढ्या ऐटीत म्हणालास! नववीत बाष्पीभवनाचा धडा चालू असताना खिडकीबाहेर बघत बसलास, त्याचं हे फळ. सांग बरं, तुझ्या घरचा कूलर मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि जुलैत तोच कूलर लावला की अंग चिकचिक का होतं? पाणी तेच, पंखा तोच. मग? बोल की! जुलैत हवाच बाष्पाने भरलेली. कूलरचं पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा यायचा कुठून?

तुझी कातडीही तेच काम करते. एक ग्रॅम घाम उडताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. (डाएटवाल्यांची मोठी कॅलरी नव्हे, आपली प्रयोगशाळेतली.) आपल्याकडे मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी, कळतही नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशसुद्धा लांब नाही, चहूकडे समुद्र. पहाटे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास, रात्रीही पारा तेविसाच्या खाली क्वचितच. तिथे घाम नुसता वाहतो. असल्या हवेत न्यायला तू हे कपडे भरलेस?

या जीन्स कुणाच्या? सगळ्यांच्या? दुपारची सर येऊन भिजल्या की ओझं होईल, आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये दोन दिवस वाळायच्या नाहीत. पोरांच्या मांड्या सोलवटून निघतील तेव्हा तू घेतलेला पावडरचा डबा काय करणार? आणि हे 'फॅमिली टूर' छापलेले जाड टी-शर्ट! छातीभर रबरासारखा छाप, त्याखाली वारा जायला फट नाही. फोटोसाठी हौस म्हणून एक दिवस घाला, पण चार-चार जोड? सैल, पातळ सुती कपडे भर. रात्री पिळून टाकले तर सकाळी अंगात घालता यावेत, एवढाच निकष.

आईच्या साड्या कुणी काढल्या? तूच ना? सगळ्या सिंथेटिक, कारण म्हणे इस्त्री लागत नाही. सोय तुझी आणि घामोळं तिला! त्या माउलीला एका शब्दाने विचारलंस? तिच्या कपाटात मऊ पडलेल्या सुती साड्या असतील, त्या काढायला सांग. आणि तिच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी, त्याही सुट्या, चिठ्ठीशिवाय! बॅग दुसऱ्या विमानात गेली तर काय करशील? गोळ्या पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. तो पॉवर बँकही तिथेच, सामानात टाकलास तर विमानतळावर बॅग उघडायला लावतील.

सूनबाईंनी ओढण्या ठेवल्यात, त्यांना हात लावू नकोस. घामाने भिजलेल्या अंगाने मॉलमध्ये, मेट्रोत शिरलात की एसीने दात वाजतील. या घरात तिला तरी अक्कल आहे. छत्र्या मात्र कुणालाच सुचल्या नाहीत. पोरांचे नवेकोरे बूट काढ, पट्ट्यांचे जुने सँडल घाल. आणि डासांचं मलम घे. डेंग्यूचा डास तिथेही आहे, आणि तो दिवसा चावतो.

चिवडा एकाच पिशवीत? उघडलास की तासाभरात सादळेल. छोट्या पुड्या कर. अनारसे मात्र राहू देत घरी. त्यावरच्या खसखशीत अफूचा अंश असू शकतो, म्हणून तिथलं अमली पदार्थविरोधी खातं परवानगीशिवाय ती आत येऊ देत नाही. च्युइंग गमचीही आयात १९९२ पासून बंद आहे, पोरांचे खिसे तपास.

आणि खिशावर हात कशाला ठेवतोस? पन्नीचा आवाज मला मघाशीच आला. चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी आहे. पोराबाळांदेखत विमानतळावर खर्ऱ्यापायी अडकून पडायचंय का? काढ ती पन्नी आणि ठेव इथे टेबलावर. सुपारीची डबीही.