हंगाम आणि शेवटची सायंकाळ

मनुष्याची योग्यता कशावरून ठरवावी? त्यानें दीर्घ काळ सातत्यानें केलेल्या कामावरून, कीं ऐन कसोटीच्या घटकेला त्याच्या हातून जें घडलें त्यावरून? हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं पुष्कळ चर्चिला आहे. परंतु तो केवळ तत्त्वज्ञांचा नव्हे. बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं तो निरनिराळ्या वेषांत नित्य वावरत असतो. अलीकडे खेळांच्या ज्या व्यावसायिक स्पर्धा महिनोन् महिने चालतात, त्यांनीं तर तो आंकड्यांच्या रूपानें सर्वांपुढें उघडा करून ठेविला आहे. म्हणून त्याचा विचार खेळाच्या निमित्तानें करावा, हें सोयीचें.

अशा दीर्घ स्पर्धेला मराठी वर्तमानपत्रांनीं ‘हंगाम’ हा शब्द लाविला आहे, आणि लावणारानें नकळत मोठी मार्मिकता दाखविली आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी ज्या रानांत फिरतें, तेथें हंगाम म्हटला कीं गळिताचा हंगाम हाच अर्थ प्रथम मनांत येतो. पावसाळ्याच्या तोंडीं लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानांत उभा असतो. मग माळेगांव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगर येथील कारखान्याची तोड येते, आणि गाडीमागून गाडी वजनकांट्यावर चढते. प्रत्येक गाडीचें वजन निराळें, प्रत्येक दिवसाचा साखरेचा उतारा निराळा. आरंभीं उतारा बेताचा असतो, थंडींत चढतो, उन्हाळा लागला कीं पुनः घसरतो. परंतु कारखान्याचा जमाखर्च आणि त्याची कीर्ति ठरते ती साऱ्या हंगामाच्या बेरजेवर आणि सरासरीवर. अखेरच्या दिवशीं उतारा कमी आला, म्हणून सबंध हंगाम फुकट गेला, असें म्हणणारा मनुष्य ह्या दोन तालुक्यांत सांपडावयाचा नाहीं.

आतां त्याच शेतकऱ्याला चैत्र-वैशाखांत गांवच्या जत्रेंत कुस्त्यांच्या फडाच्या कडेला बसलेला पाहावा. तेथें त्याचें माप अगदीं निराळें होतें. सर्वांत मोठें इनाम शेवटच्या कुस्तीला. आणि त्या कुस्तीचा निकाल पाठ मातीला लागली कीं नाहीं एवढ्यावर. त्या पैलवानानें कितीं वर्षें पहांटे उठून जोर-बैठका काढल्या, त्याच्या खुराकासाठीं घरच्यांनीं काय काय विकलें, मागच्या दहा फडांत त्यानें कोणाला लोळविलें, ह्याची बेरीज तेथें कोणी मांडीत नाहीं. एक डाव बसला, पाठ लागली, हलगी वाजली, संपलें. जो मनुष्य आपल्या उसाला सरासरीचा न्याय लावतो, तोच पैलवानाला एका क्षणाचा न्याय लावतो. आणि दोहोंपैकीं एकाहि ठिकाणीं आपण अन्याय करीत आहों, असें त्याला वाटत नाहीं.

आधुनिक व्यावसायिक स्पर्धांनीं हीं दोन्हीं मापें एकत्र जोडलीं, आणि तेथेंच कूट उत्पन्न झालें. आपल्या आजोबांच्या पिढीनें हुतूतू ह्या नांवानें जो खेळ गांवच्या मोकळ्या मैदानांत खेळला, त्याची प्रो कबड्डी लीग २०१४ सालीं सुरू झाली. पुणेरी पलटण हा आपल्या जिल्ह्याच्या नांवाचा संघ तींत आरंभापासून आहे. आधीं साखळी सामने, त्यांचा गुणतक्ता, आणि त्यांतून निवडलेल्या संघांचे बाद फेरीचे सामने, असा तिचा क्रम. २०२२ सालीं हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि जयपूरपुढें २९–३३ असा हरला. पुढच्या हंगामांत २२ साखळी सामन्यांतून ९६ गुण मिळवून तो तक्त्यांत पहिला आला. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें अस्लम इनामदार ह्याच्या नेतृत्वाखालीं हरियाणाला २८–२५ असें हरवून त्यानें विजेतेपदहि मिळविलें. हंगाम आणि सायंकाळ ह्यांचें त्या वेळीं एकमत झालें. परंतु २०२५ सालीं १८ पैकीं १३ सामने जिंकून पुण्याचा संघ पुनः पहिला आला (दिल्लीचे गुण तितकेच असले, तरी गुणांच्या फरकावर पुणें वरचढ ठरलें), आणि ३१ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यांत त्याच दिल्लीनें त्याला ३१–२८ असें हरविलें. तीन गुण म्हणजे काय? एखादी फसलेली चढाई आणि एखादी सुटलेली पकड. पण दुसऱ्या दिवशीं लोकांच्या तोंडीं एकच वाक्य: पुणें हरलें.

विलायतेंतील डार्ट्स ह्या खेळांत हेंच कूट अधिक निर्भेळ रूपानें पाहावयास मिळतें. भिंतीवरच्या वर्तुळाकार फळीवर सुमारें पावणेआठ फुटांवरून हातानें लहानसा बाण मारावयाचा, एवढाच तो खेळ. त्यांत अंगावर धांवून येणारा प्रतिस्पर्धी नाहीं, वारा नाहीं, चिखल नाहीं. फक्त हात, डोळा आणि मन. प्रत्येक खेळाडू ५०१ ह्या आंकड्यापासून आरंभ करतो आणि मिळालेले गुण वजा करीत बरोबर शून्यावर येतो. मात्र शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या जागेंत लागला पाहिजे, आणि ती दुपटीची कड एक सेंटिमीटरहूनहि अरुंद असते. साडेचारशे गुण एखाद्यानें विजेच्या वेगानें उतरविले आणि त्या कडेवर त्याचा हात अडखळला, तर मागून सावकाश आलेला दुसरा डाव घेऊन जातो. म्हणजे हंगाम आणि सायंकाळ ह्यांचा झगडा ह्या खेळाच्या प्रत्येक डावांत, दोन-तीन मिनिटांच्या अवधींत, खेळला जातो.

तेथील प्रीमियर लीग नांवाच्या स्पर्धेंत आठ खेळाडू सोळा आठवडे गांवोगांव फिरून खेळतात. दर आठवड्याच्या यशाप्रमाणें गुण मिळतात, आणि पहिले चार अखेरच्या सायंकाळीं लंडन येथें विजेतेपदासाठीं भिडतात. २०२४ सालीं लूक लिटलर हा सतरा वर्षांचा मुलगा तक्त्यांत पहिला आला, आणि शेवटच्या सायंकाळीं लूक हंफ्रीज ह्याला ११–७ असें हरवून विजयीहि झाला. पुढच्या वर्षीं त्यानें आणखी मोठी मजल मारली. सोळांपैकीं सहा आठवडे त्यानें जिंकले, आणि ह्या गुणपद्धतींत तोंपर्यंत कोणालाहि न मिळालेले ४५ गुण मिळविले. २९ मे २०२५ च्या सायंकाळीं मात्र त्याच हंफ्रीजनें त्याला ११–८ असें हरविलें. त्या वर्षींचा श्रेष्ठ खेळाडू कोण म्हणावा? चषक हंफ्रीजच्या घरीं गेला. तक्ता लिटलरचें नांव सांगतो.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, उपाय सोपा आहे. शेवटची सायंकाळच काढून टाकावी. इंग्लंडांतील फुटबॉलच्या मुख्य साखळींत तसेंच चालतें. गुणतक्त्यांत जो पहिला तोच विजेता. परंतु अंतिम सामना केवळ तिकिटें खपविण्याची युक्ति आहे असें मानणें, म्हणजे मनुष्यस्वभावाच्या एका अंगाकडे डोळेझांक करणें होय. हंगामांतल्या पराभवाला उद्यां असतो. अंतिम सामन्यांतल्या पराभवाला उद्यां नसतो. ज्याला उद्यां आहे असें काम उत्तम करणें हा एक गुण, आणि ज्याला उद्यां नाहीं असें काम उत्तम करणें हा दुसरा. शस्त्रक्रिया करणारा वैद्य, न्यायालयांत उभा राहिलेला साक्षीदार, पुराच्या रात्रीं होडी घालणारा नावाडी, ह्यांच्या आयुष्यांत सरासरी कामास न येणाऱ्या घटका असतात. नेहमीं खरें बोलणारा मनुष्य ज्या एका दिवशीं खरें बोलणें महाग पडलें त्या दिवशींच खोटें बोलला, तर बाकीच्या दिवसांची सरासरी काढून आपण त्याला निर्दोष ठरवीत नाहीं. तेव्हां शेवटची सायंकाळ कांहीं एक मोजते, हें नाकबूल करून चालणार नाहीं.

तरीहि ती जें मोजते त्यांत दैवाची भेसळ फार असते, हेंहि तितकेंच खरें. अठरा सामन्यांत एखाद्या चढाईचें दैव उलटें पडलें, तर दुसऱ्या चढाईंत तें सुलटें पडावयास वाव असतो. एका सामन्यांत तो वाव फार थोडा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्यानें सांगितलेल्या कथेंत सोलोन हा ज्ञाता पुरुष वैभवशाली क्रीसस राजाला बजावतो कीं, शेवट पाहिल्यावांचून कोणासहि सुखी म्हणूं नये. पुढें क्रीससाचें राज्य गेलें, आणि सोलोनाचें म्हणणें जगाला पटलें. परंतु ॲरिस्टॉटलनें ह्या मताला हरकत घेतली आहे. त्याच्या मतें मनुष्याचें श्रेष्ठत्व त्याच्या आयुष्यभराच्या सद्गुणयुक्त कर्मांत असतें. अखेरची आपत्ति त्याचें सुख हिरावील, पण त्याला हलका करूं शकणार नाहीं. सोलोन हा सायंकाळचा पक्षकार, ॲरिस्टॉटल हा हंगामाचा, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्याकडे गीतेच्या आठव्या अध्यायांत ह्या दोन पक्षांचा एक विलक्षण मेळ घातलेला आढळतो. अंतकाळीं मनांत जें असेल त्याप्रमाणें गति मिळते, असें तेथें सांगितलें आहे. हा सोलोनाहूनहि कडक नियम वाटतो. परंतु लागलीच त्यावरून जें अनुमान काढलें आहे, तें अंतकाळाची वाट पाहत बसावें असें नव्हे. सर्व काळीं स्मरण ठेवावें आणि आपलें कर्तव्य करीत राहावें, असें आहे. शेवटची घटका निर्णायक असेल, परंतु तिची तयारी त्या घटकेंत करितां येत नाहीं. ती मागच्या सर्व घटकांतच करावी लागते. डार्ट्सच्या अरुंद कडेवर शेवटचा बाण लावणारा हात त्या सायंकाळीं निर्माण झालेला नसतो. आणि एवढी तयारी करूनहि बाण केसाएवढा चुकूं शकतो. त्या चुकण्यावर कर्त्याचा अधिकार नाहीं. अधिकार कर्मापुरताच, हेंहि त्याच ग्रंथानें आधीं सांगून ठेविलें आहे.

तेव्हां चषक आणि योग्यता ह्या दोन वस्तु वेगळ्या आहेत. चषक त्या सायंकाळचा आहे, आणि तो जिंकणाराचा हक्क निर्विवाद मानला पाहिजे. कारण खेळावयास उतरतांना दोघांनींहि तो करार मान्य केलेला असतो. हरलेला खेळाडू त्याबद्दल तक्रार करील तर तो आपल्याच शब्दाला जागला नाहीं असें होईल. चूक होते ती बहुधा पाहणाराची. ‘हरला’ ह्या एका शब्दानें तो सबंध हंगामाची कमाई पुसून टाकतो.

खेळापुरती ही चूक फारशी बाधत नाहीं. पुढचा हंगाम येतो, आणि लोक सारें विसरतात. परंतु तीच संवय घरांत शिरली म्हणजे बाधते. बारामती काय, इंदापूर काय, कीं पुणें-मुंबई काय, सुशिक्षित कुटुंबांतून आज एखाद्या मुलाची किंवा मुलीची दोन वर्षांची मेहनत एका दुपारच्या तीन तासांवर तोलली जाते. वैद्यकाच्या किंवा स्थापत्याच्या विद्यालयांत जागा मोजक्या. त्या वांटण्यास कांहीं तरी कसोटी हवी, हें समजण्यासारखें आहे. प्रवेश हा चषक आहे, तो त्या दुपारचा असूं द्यावा. परंतु निकालाच्या दिवशीं बाप मुलाकडे ज्या नजरेनें पाहतो, ती नजर प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्याची असण्याचें कारण काय? अधिकाऱ्यानें तें मूल एका दुपारींच पाहिलें. बापानें तर त्याचा सबंध हंगाम पाहिला आहे. रात्रींचा दिवा, पहांटेचा गजर, चुकलेलें गणित पुनः मांडून बसणें, हें ज्याच्या डोळ्यांपुढें घडलें, त्यानेंच तें विसरून एका आंकड्यावर निकाल द्यावा, हा न्याय नव्हे. शिवाय खेळाडूनें आपला करार स्वतः केला होता. मुलाच्या वतीनें तो पुष्कळदां दुसऱ्यांनींच केलेला असतो.

ह्याच बाबतींत शेतकऱ्याचें शहाणपण आठवावें. अठरा महिने जोपासलेला ऊस एखाद्या रात्रीं तारेच्या ठिणगीनें पेटतो, आणि सकाळीं रानांत काळीं ताटें तेवढीं उरतात. त्या रानाच्या बांधावर जमलेले शेजारी मालकाला वाईट शेतकरी म्हणत नाहींत. त्यानें सरी कशी पाडली, पाणी केव्हां दिलें, खत किती घातलें, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. ते त्याचें नुकसान नुकसानच समजतात, त्याची अयोग्यता समजत नाहींत. जळल्या उसाच्या मालकाला जो न्याय बांधावर मिळतो, तो नापास झालेल्या मुलाला माजघरांत मिळूं नये काय?

ह्याच वाटेनें दर आषाढींपूर्वीं तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जाते. बारामतीचा मुक्काम हलला कीं काटेवाडी, मग सणसर, आणि इंदापूर तालुक्यांत बेलवाडीला गोल रिंगण होतें. पताकावाले धांवतात, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया धांवतात, शेवटीं अश्व धांवतात, आणि लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. धांवणें तेथें आहे, दमणें आहे, पाहणारांची दाटीहि आहे. फक्त कोण जिंकलें हें कोणी विचारीत नाहीं. वजनकांटा, कुस्तीचा फड आणि हें रिंगण, तिन्हीं त्याच दोन तालुक्यांत आहेत, आणि तेथील माणसें एकाचें माप दुसऱ्याला लावीत नाहींत. आपण त्यांच्यापासून एवढें शिकावें कीं, चषक ज्याचा त्याला देऊन घरीं परततांना हरलेल्याचा हंगामहि आठवावा, आणि तो हरलेला आपल्याच घरचा असेल, तर जेवणाच्या पाटावर बसण्यापूर्वीं त्याला तसें बोलून दाखवावें.