गरारातले देवाचे भय

(वाचनासाठी : उत्पत्ति, अध्याय 20 वा, सबंध)

विश्वास ठेवणाऱ्यांचा पिता म्हणून ज्याला आपण मान देतो, त्या अब्राहामाच्या चरित्रात एक असे पान आहे की जे उपासनेच्या वेळी फारसे कोणी वाचीत नाही. अब्राहाम गरार येथे उपरा म्हणून जाऊन राहिला. परमुलखात आपल्या जिवाचे काय होईल ह्या धास्तीने त्याने आपली बायको सारा ही आपली बहीण आहे असे सांगितले. त्यात अर्धे खरे होते, कारण ती त्याची सावत्र बहीणही होती. परंतु अर्धे खरे बोलून पुरते फसविणे ही विद्या जुनीच आहे. तेथील राजा अबीमलेख ह्याने माणसे पाठवून तिला आपल्या घरी नेले. मग रात्री देवाने स्वप्नात येऊन त्या राजाला सावध केले. राजाने विनविले की मला हे ठाऊक नव्हते, मी शुद्ध मनाने वागलो. आणि देवाने त्याचे म्हणणे मान्य केले. पहाटेस उठून राजाने आपल्या सेवकांना सर्व हकीकत सांगितली, तेव्हा ती माणसे भयाने व्याकूळ झाली. नंतर त्याने अब्राहामाला बोलावून विचारले की, आम्ही तुझे काय वाकडे केले होते म्हणून तू असे केलेस? त्यावर अब्राहामाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, मला वाटले, येथल्या लोकांना देवाची भीती मुळी नसेलच.

आता विचार करा. ह्या अध्यायात खोटे बोलला कोण? आणि देवाचा शब्द कानी पडताच पहाटे अंथरुणातून उठला कोण? ज्याच्याशी देवाने करार केला होता तो बुद्धी लढवून स्वतःचा जीव वाचवीत होता, आणि ज्याला कराराची वार्ताही नव्हती त्याच्या घरातले चाकरसुद्धा देवाच्या नावाने थरथरत होते.

आम्हीही एकदा अब्राहामासारखेच बोललो, आणि तेही उपदेशपीठावरून. 2019 सालच्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला, त्यानंतर थोड्या महिन्यांची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावी आमचा उपदेश होता. विषय पापाचा. बोलण्याच्या भरात आम्ही सांगून गेलो की, मंडळीबाहेर जे आहेत ते केवळ अंधारात आहेत, त्यांच्यात पापाची ओळख नाही, म्हणून सदाचारही नाही. उपासना सुटली. लोक पायांत वहाणा घालू लागले. तेवढ्यात एक वृद्ध भगिनी जवळ आली आणि पदर सावरीत म्हणाली, "पाळकसाहेब, मग पुराच्या राती आमास्नी माडीवर घेतलं ती बाई कोण हुती?"

आम्ही चौकशी केली. तिच्या घरात कमरेइतके पाणी शिरले तेव्हा शेजारच्या वाड्यातील एका विठ्ठलभक्त बाईने तिला, तिच्या मुलाला, सुनेला आणि दोन शेळ्यांना आपल्या माडीवर घेतले होते. पाच दिवस एकाच चुलीवर सर्वांची भाकरी झाली. त्या भगिनीच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्हांजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की शेजाऱ्यांविषयी असे कठोर बोलण्याची सवय आपल्याला उगीच लागलेली नाही. ह्या प्रांती ऊस तोडणीस आला म्हणजे गुऱ्हाळे लागत. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रस पाजल्यावाचून, गरम गुळाचा खडा हातावर ठेवल्यावाचून जाऊ देऊ नये, अशी शेतकऱ्याची रीत. किती उदार रीत ही! परंतु त्याच गुऱ्हाळावर आपल्या आज्या-पणज्यांना रस मिळे तो वरून ओतलेला, ओंजळीत. काहिलीला त्यांचा हात लागता कामा नये, आणि चुलवणात जळण घालणारा कोण हेही आधी पाहिले जाई. एकाच माणसाच्या एकाच हातात दया होती आणि पापही होते. ज्यांच्या घरी त्या ओंजळीची आठवण आजही सांगितली जाते, त्यांना शेजाऱ्याचे गुण गाण्यास कोणी सहज सांगू नये. आम्हीही ते सहज सांगत नाही.

तरी शास्त्र काय म्हणते ते पाहिले पाहिजे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही असे परराष्ट्रीय लोकही स्वभावतः त्या शास्त्रातल्या गोष्टी करितात, कारण ती त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेली आहेत, आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याविषयी साक्ष देते. ह्याची साक्ष आपल्या मराठी भाषेतच आहे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 साली मराठीत नवा करार छापला. 1852 साली वाइल्डरसाहेब आपल्या पत्नीसह कोल्हापुरास येऊन राहिले आणि येथे शाळा व उपदेश सुरू झाले. ह्या लोकांनी पुष्कळ नवे सांगितले. परंतु पाप, क्षमा, दया, सत्य, पश्चात्ताप हे शब्द काही त्यांनी गलबतातून आणले नव्हते. ते ह्या देशी होते. ज्या लोकांना पापाची ओळखच नाही त्यांच्या भाषेत पापाला शब्द कोठून असणार? 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत असत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून पलीकडे गेल्यावर कोणी पूल पाडीत नाही.

आणि सदाचाराचे म्हणाल तर कोल्हापूरकरांना दूर जावयास नको. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक चाकर होते. ज्या पाण्याला त्यांनी शिवू नये असे इतर चाकरांचे म्हणणे होते त्या पाण्याला त्यांनी हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले, एवढ्यावर बहुतेक राजे थांबले असते. परंतु महाराजांनी गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले आणि मदत केली. गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज गाडी थांबवून तेथला चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. ह्याच राजाने 1902 साली आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, 1918 साली महार वतनाचे जोखड काढले, आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका शाळेत बसविले. 1899 साली पंचगंगेच्या घाटावर खुद्द त्यांनाच शूद्र लेखून वेदोक्त मंत्र नाकारण्यात आले होते. अपमान पुष्कळांचा होतो. स्वतःच्या अपमानावरून दुसऱ्याचा अपमान ओळखणारे थोडे. महाराज ख्रिस्ती नव्हते, आणि आपण त्यांना मरणोत्तर बाप्तिस्मा देऊ नये. त्यांच्या आत्म्याचा निवाडा आम्हांकडे नाही, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. परंतु प्रत्येक उत्तम दान वरून येते असे जर याकोब शिकवितो, तर तो चहाचा पेलाही वरूनच आला होता असे म्हणण्यास आम्ही कचरत नाही.

येथे एखादा प्रचारक बंधू विचारील, "असे असेल तर शुभवर्तमान कशाला सांगावे? मी पायपीट कशासाठी करितो?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपण गावात जाऊन नक्की काय सांगतो ते तपासून पाहू. पुष्कळदा आपण पापांची यादी सांगतो : खोटे बोलू नका, चोरी करू नका, दारू पिऊ नका, परस्त्रीकडे पाहू नका. ऐकणारा मान डोलावितो, कारण त्याच्या आजीने त्याला हेच सांगितले होते. दुसऱ्याचा बांध कोरणे हे पाप आहे, हे कळण्यास कोणाला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. सोयरसुतक, ग्रहण, विटाळ ह्यांनाही लोक पापाच्या ओळीत बसवितात हे खरे; आणि माणसाला बाहेरचे काही विटाळवीत नाही, आतून निघते ते विटाळविते, हे प्रभूचे शिक्षण (मार्क, अध्याय 7) आपण अवश्य सांगावे. तथापि मन मळलेले असता अंग धुऊन काय उपयोग, हे मराठी संतांनीही आपल्या लोकांना बजावले आहे.

मग नवे ते काय? बंधूंनो, सावकाराच्या वहीत आपल्या नावावर कर्ज आहे हे कुळाला सांगावे लागत नाही. त्याची झोप त्यानेच उडालेली असते. केलेले कर्म भोगूनच फेडावे लागते, ह्या जन्मी नाही तर पुढल्या जन्मी, असे आपला शेजारी मानतो. ह्यात पापाला हलके लेखलेले नाही. उलट त्याचा भार केवढा आहे हे त्याने आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा अधिक ओळखले आहे. त्याला ठाऊक नाही ते हे की ते कर्ज दुसऱ्याने आपल्या प्राणाने फेडले आहे. आपण कर्जाची बातमी घेऊन जात नाही, फेडीची बातमी घेऊन जातो. आणि ती बातमी सदाचारी माणसालाही हवी, कारण पौलाने सर्वांनी पाप केले आहे असे लिहिले तेव्हा राजा, शेतकरी, पाळक असा भेद केला नाही. कर्नेल्य शताधिपतीच्या प्रार्थना व दानधर्म देवापुढे आधीच पोहोचले होते. तरी देवाने त्याच्याकडे पेत्राला पाठविले. आणि गंमत अशी की, त्या प्रवासात पहिला पालट कर्नेल्याच्या नव्हे, पेत्राच्या मनात झाला. त्या घरी पाऊल टाकण्यासही तो पूर्वी विटाळ मानीत होता.

आता थोडे आपल्या अंगणात. आमोस संदेष्टा उभा राहून दिमिष्काचे पाप सांगू लागला, मग गज्जाचे, मग सोराचे. इस्राएल लोक ऐकत होते आणि बहुधा त्यांना ते गोडही लागत होते. फिरता फिरता संदेष्टा यहूदाकडे आला, आणि शेवटी इस्राएलाकडे; आणि तेथे तो सर्वांत अधिक वेळ थांबला. आपल्या मंडळ्यांत जे लोक ज्याला तेव्हा महारवाडा म्हणत तेथून आले, आणि जे मांगवाड्यातून आले, ते एकाच प्रभूचे भोजन घेतात. पण मुलीचे लग्न ठरवावयाचे झाले म्हणजे पुष्कळ घरी जुनी भिंत पुन्हा उभी राहते. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरीक निराळी! गुऱ्हाळावरच्या शेतकऱ्याला निदान हे शास्त्र मिळाले नव्हते. धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती करीत नाही त्याला अधिक फटके बसतील, हे प्रभूचे म्हणणे लूकाच्या बाराव्या अध्यायात आहे. ते कोणाला उद्देशून आहे हे शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

अबीमलेखाची गोष्ट कशी संपते तेही पाहावे. राजाने साराला परत दिले, अब्राहामाला गुरेमेंढरे दिली आणि राहण्यास जागा दिली. मग अब्राहामाने त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि देवाने राजाचे घर बरे केले. खोटे बोलणाऱ्याची प्रार्थना निष्कपट माणसाच्या उपयोगी पडली! कराराचा माणूस गरारात कशासाठी ठेवला होता हे येथे दिसते. पण त्याआधी त्याला राजासमोर उभे राहून आपली लबाडी ऐकून घ्यावी लागली.

त्या वृद्ध भगिनीकडे आम्ही पुन्हा गेलो आणि विचारले की, माडीवरच्या त्या बाईला तुम्ही प्रभूविषयी कधी काही सांगितले काय? ती म्हणाली, सांगितले, पण पुरानंतर, आणि दुसरे एक आधी सांगावे लागले. तिच्या नवऱ्याने हयातीत त्या वाड्याच्या शेताचा बांध दरसाल थोडा थोडा कोरून आपल्याकडे ओढला होता. नवरा गेला, बांध तसाच राहिला. पाच दिवस त्या घरची भाकरी खाल्ल्यावर तिला ते पचेना. पाणी ओसरल्यावर ती वाड्याच्या पायरीवर बसली आणि आधी बांधाचे बोलली.

"मग प्रभूचं बोलले," ती म्हणाली. "तवर तिनं च्या ठेवला हुता."

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने कुदळ घेऊन बांध दोन हात मागे सरकविला.