कारणे दाखवा

सरकारी नोकरीतल्या माणसाला एक मथळा झोपेतही ओळखू येतो: ‘कारणे दाखवा’. हा कागद वरून खाली येतो, खालून वर कधी जात नाही. व्हिसाच्या खिडकीवर तर नाहीच. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीतून पडेल चेहऱ्याने बाहेर येणाऱ्याच्या हातात बहुधा छापील कागद असतो, त्यावर कलम २१४(बी). म्हणजे तुम्ही परत याल असं साहेबाला पटलं नाही. का पटलं नाही, ते त्यात नसतं. अपीलही नाही, पुन्हा फी भरा, पुन्हा रांगेत उभे राहा.

मग कोर्टात जावं? अमेरिकी न्यायालयांनी इथे केव्हाच हात वर केलेत. बेल्जियन मार्क्सवादी अर्नेस्ट मँडेल यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांना व्याख्यानाला बोलावणारे प्राध्यापक कोर्टात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. १९७२ साली उत्तर मिळालं: कारण वरकरणी रास्त आणि प्रामाणिक दिसलं, की आम्ही त्याच्या मागे डोकावणार नाही.

न डोकावण्याची किंमत लॉस एंजेलिसच्या एका वकीलबाईंनी मोजली. नवरा एल साल्वाडोरचा. २०१५ मध्ये तिथल्या वकिलातीने त्याचा व्हिसा नाकारला आणि नुसतं कलम दाखवलं. त्याच्या अंगावर गोंदण होतं: ग्वादालुपेची माता, नाटकातले मुखवटे आणि चक्क सिग्मंड फ्रॉइड! त्यावरूनही टोळीचा संशय घेतला होता, हे कळायला खटला भरावा लागला आणि २०१८ उजाडलं. फ्रॉइडची टोळी असलीच तर मानसोपचारतज्ज्ञांची असेल. ही चित्रं कुठल्या टोळीची नव्हेत, असं जाणकाराने लिहूनही दिलं होतं. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६-३ने निकाल दिला: जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही.

कोणाला घरात घ्यायचं, हे घरमालक ठरवणार. त्यात वाद नाही. परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असं आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लुई डी रेड्ट प्रकरणात म्हटलंय. पण सुरक्षेची गुपितं झाकावी लागतात म्हणून गोंदणही झाकायचं? शंका वेळेवर सांगितली असती, तर तिचं उत्तरही वेळेवर मिळालं असतं.

कॅनडात कारण सांगावं लागतं, आणि त्याने तो देश काही बुडाला नाही. तिथलं फेडरल कोर्ट स्वतः व्हिसा देत नाही; अधिकाऱ्याची कारणमीमांसा तर्काला धरून आहे का, एवढंच पाहतं. नसेल, तर फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. २०१९च्या वाविलोव्ह निकालाने ही कसोटी पक्की केली.

तेव्हा घरात कोणाला कॅनडाचा नकार आला असेल, तर पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. देशाबाहेरून दाद मागायला मुदत ६० दिवसांची आहे.