नोंद करण्यापूर्वी

बसा. खुर्ची जरा मागे घ्या, हात माउसवरून काढून मांडीवर ठेवा. फोटो उघडलेला आहे. तो दीडशे वर्षे थांबलाय, अजून थोडा थांबेल.

मद्रास इलाखा, १८७६ ते १८७८चा दुष्काळ. फोटो काढणारा विलोबी वॉलेस हूपर, लष्करी अधिकारी. माणसे ओळीने बसवली आहेत, काही मागे उभी आहेत. आपल्याकडे लग्नात बसवतात तशीच. चेहऱ्यांकडे लगेच जाऊ नका. गुडघे पाहा. मांडीपेक्षा गुडघा जाड दिसतो, तिथे नजर थोडी राहू द्या.

त्या काळी फोटो ओल्या काचेवर घेत. काच वाळायच्या आत सगळे उरकायचे, आणि काही सेकंद समोरच्याने हलायचे नाही. आता श्वास रोखा. मनात पाच मोजा. सोडा. तुम्ही जेवून आला आहात, म्हणून सोपे गेले.

त्यांना ‘हलू नका’ कोणी सांगितले असेल? तमिळमध्ये, तेलुगूत, की नुसत्या हाताच्या खुणेने?

तोच दुष्काळ इकडे सोलापुरात, नगरमध्येही होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याचे वृत्तांत सरकारला लिहून पाठवले होते. तरी या चेहऱ्यांत आपली खापरपणजी शोधू नका. ही दुसऱ्यांची माणसे आहेत. परकी म्हणूनच पाहा, पण सावकाश.

हल्ली असा फोटो धूसर करून ठेवतात. ‘दृश्य विचलित करू शकते’ अशी सूचना, मग क्लिक. सूचना असावीच. पण ती जपते पाहणाऱ्याला. फोटोतल्या माणसांना विचलित करायचे काही शिल्लक नव्हते.

आता नोंदीतली वर्णनाची चौकट. तिथली जुनी ओळ पुसू नका. अवतरणचिन्हांत ठेवा आणि ती कोणाची, ते शेजारी लिहा. तुमच्या ओळीत बोटे आपसूक ‘दुष्काळग्रस्त’ टाइप करतील. थांबा. पाऊस पडला नव्हता, हे खरे. पण धान्य जहाजांतून देशाबाहेर जात होते, आणि ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी सरकारी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला १ पौंडावर, म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅमवर आणले होते. एवढे एका शब्दात मावते का? मावत नसेल तर दोन वाक्ये लिहा. जागा आहे.

छायाचित्रकार: भरलेले. छायाचित्रातील व्यक्ती: रिकामे. इथे सवयीने ‘अज्ञात’ पडते. अज्ञात कोणाला? शेजारी बसलेल्याला तिचे नाव बहुधा ठाऊक होते. ‘नाव नोंदवलेले नाही’ असे लिहा.

आणि ‘समूह’ लिहून सुटू नका. बोट पडद्यावर न टेकवता एकेक मोजा. कडेला कोणी अर्धे कापले गेले असेल, तर तेही धरा. कडेवरचे मूल वेगळे मोजा.