कासवीची दृष्टी



आषाढीची दर्शनबारी ज्याने एकदा धरली आहे, त्यास ही गोष्ट सांगावयास नको. तासन् तास उभे राहावे, पाय सुजावेत, आणि गाभाऱ्यात देवाच्या पायांवर डोके टेकते न टेकते तोच मागून हाक यावी, "चला माऊली, पुढं व्हा!" डोळे भरून पाहीन म्हणून घरून निघालेल्या माणसास बाहेर आल्यावर विचारावे, "बाबा, देवाच्या अंगावर आज पोषाख कोणता होता?" तर त्यास सांगता येत नाही. तरी तो म्हणतो, "दर्शन झालं," आणि त्याच्या तोंडावर समाधान असते. काही पाहिले नाही, मग हे समाधान कशाचे? आम्हांस वाटते, ते पाहिल्याचे नव्हे, पाहिले गेल्याचे आहे. त्याने देवास पाहिले की नाही कोण जाणे, पण देवाने आपल्यास पाहिले ही त्याची खात्री झाली.

आमच्या संतांनी कासवीचा दृष्टांत वारंवार दिला आहे. कासवीस स्तन नाही, पंख नाही. ती पैलतीरी, पिले ऐलतीरी. ती नुसती दृष्टीने पिलांना पोसते. दृष्टांतास शास्त्राची कसोटी लावू नये, त्यातले मर्म घ्यावे. मर्म हे की, नजर ही पोसणारी वस्तू आहे. जी नजर पोसू शकते, ती जाळूही शकते. माणूस ज्या नजरेत उभा राहतो, तसा तो घडतो.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे चरित्र आठवावे. गणिकेच्या पोटी जन्म, रूप अलौकिक. जो पाहील तो भोगवस्तू म्हणूनच पाहील. बेदरच्या बादशहाने तिला नेण्यास माणसे धाडली, तेव्हा ती पंढरीस पांडुरंगाच्या पायांशी आली आणि तेथेच तिने देह ठेवला, अशी कथा आहे. मंदिरात तिच्या नावाचे तरटीचे झाड दाखवितात. ज्या नजरांनी तिला वस्तू केले, त्यांतून निघून ती अशा एका नजरेत येऊन उभी राहिली की जिच्यापुढे ती लेकरू झाली. रूप तेच, देह तोच. पाहणारा बदलला आणि कान्होपात्रा संत झाली.

हे केवळ परमार्थातच घडते असे नव्हे, कलेतही घडते. 1936 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. त्यात तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. त्यापूर्वी ते नाटकांतून स्त्रीभूमिका करीत. बोलपट इतका गाजला की 1937 साली पार व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण आम्हांस मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. बोलपट पाहून लोक पागनिसांच्या ठिकाणी तुकोबांनाच पाहू लागले, त्यांच्या पायां पडू लागले. आता विचार करा. ज्याच्या पायांवर गावोगावची भोळी माणसे डोके ठेवितात, त्यास त्या पायांनी भलत्या ठिकाणी जाणे किती जड जात असेल! पाहणाऱ्याच्या श्रद्धेचे ओझे पाहिल्या जाणाऱ्याच्या खांद्यावर येते. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या प्रत्येकाचे असेच आहे. बाजारात वजनात खोट करावयास हात गेला की माळ टोचते. "माळकरी असून असं?" हे शब्द कोणी उच्चारण्यापूर्वीच ऐकू येतात.

परंतु ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही, त्याचे काय? चोखोबांस देवाचे मुख पाहण्याची बंदी होती. त्यांची समाधी महाद्वारी, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. पुढे शतकानुशतके त्यांच्या जातीची माणसे वारी करीत, चंद्रभागेत न्हात आणि कळस पाहून परत फिरत. आपण बाकीचे त्यांच्या अंगावरून आत जात होतो आणि ते आपल्यास दिसत नव्हते! 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा मंदिराचे दार त्या बांधवांस उघडले. गुरुजींनी काय केले? ज्यांच्याकडे आपण पाहत नव्हतो, त्यांच्याकडे आपली मान वळविली. देवाची दृष्टी तर त्यांच्यावरून कधी हललीच नव्हती. आंधळे होतो ते आपण.

असो. दुसऱ्यांचे पुष्कळ झाले, आता आमचे सांगतो. काही वर्षांमागे एका गावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. मंडपात समोरच तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला. कीर्तन घरोघरी मोबाईलवर दिसणार, असे मंडळींनी सांगितले. आम्ही फेटा दोनदा नीट केला. अभंग रोजचाच, चाल रोजचीच, पण त्या दिवशी हात जरा जास्तच उंच जाऊ लागला. डोळ्यांत पाणी आले तेव्हा, ते पुसण्याआधी, आम्ही क्षणभर थांबलो. का थांबलो, ते आमचे आम्हांस ठाऊक. कीर्तन रंगले असे सर्व म्हणाले. मात्र रात्री पंगतीत एक म्हातारी माउली जवळ आली. दरवर्षी पुढच्या रांगेत बसून टाळी धरणारी. ती म्हणाली, "म्हाराज, आज तुमी आमच्याकडं बघितलंच न्हाई. सगळा वेळ त्या डोळ्याकडं बघत व्हता."

हातातला घास हातातच राहिला. त्या काचेच्या डोळ्यास पापणी नाही, पाणी नाही. तो पाहतो, पण पोसत नाही. आणि त्याच्या नादी लागून आम्ही समोरच्या दीडशे जिवंत डोळ्यांस उपाशी ठेविले.

यंत्रास दोष देणे सोपे आहे, आम्ही तो देत नाही. ज्यांचे पाय चालत नाहीत अशी कितीतरी म्हातारी माणसे त्याच यंत्रावर घरबसल्या पालखीचे दर्शन घेतात आणि रडतात. त्यांचे रडणे खरेच आहे. दोष आमच्या मनाचा. रिंगणात माऊलींचा अश्व समोरून धावत जातो, त्याच्या पाठीवर प्रत्यक्ष माऊली आहेत असा आपला भाव. पण तो जाऊन टापांखालची माती कपाळी लावावयाची वेळ येते, तेव्हा आपला हात मोबाईल धरून वरच राहिलेला असतो. माऊली आपल्याकडे पाहून गेल्या, आणि आपण आपले चित्र कसे आले ते पाहत राहिलो!

मग उपाय काय? उपाय पुंडलिकरायांनी दाखविला आहे. प्रत्यक्ष परब्रह्म दारात येऊन पाहत उभे राहिले. याहून थोर प्रेक्षक तो कोणता? पण पुंडलिकाचे हात आईबापांच्या पायांवरून सुटले नाहीत. देव पाहतो आहे म्हणून त्याने सेवा वाढविली नाही, आणि देव आला म्हणून सोडलीही नाही. वीट भिरकावली आणि म्हटले, थांबा. त्या न दाखविलेल्या सेवेकडे पाहत देव युगानुयुगे उभा आहे.

म्हणून मंडळी, यंदा वारीत दोन नेम करू. जे करतो ते कोणी पाहत नसताही तेवढेच करू. दिंडीच्या शेवटी फोड आलेल्या पायांनी लंगडत येणारी म्हातारी, आणि पालखी हलल्यावर मुक्कामाची घाण उचलणारा माणूस, यांच्याकडे डोळे भरून पाहू. आपल्यात एकमेकांच्या पायां पडण्याची जी रीत आहे, तिचा अर्थ एवढाच आहे: तू मला दिसलास. कासवीचे लेकरू म्हणवितो, तर तिची थोडी दृष्टी आपल्या डोळ्यांत यावयास नको काय?

ती म्हातारी माउली पुढच्या सप्ताहास आली नाही. वारली, असे कळले. कीर्तनास उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या तिच्या जागेकडे आमची नजर आधी जाते. तेथे कोणीतरी बसलेले असतेच. त्याच्याकडे पाहून आम्ही नमनास आरंभ करतो.

रामकृष्णहरि.