व्यवसायाचा रकाना

एका छापखान्यातील मुद्रितशोधकाच्या जागेसाठी आलेले अर्ज चाळण्याचे काम पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते, आणि त्या गठ्ठ्यातील बहुतेक अर्जदारांनी ‘कर्तव्यदक्ष’, ‘उत्साही’, ‘मनमिळाऊ’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे स्वतःवर इतक्या सढळ हाताने उधळली होती, की दहावा अर्ज वाचून होईतो पहिल्या अर्जदाराची ओळख मनातून पार पुसून गेली. एकच अर्ज निराळा होता. आपण चौदा वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासली असून ‘ष’च्या जागी चुकून ‘प’चा खिळा बसला तर तो आपल्या नजरेतून सहसा सुटत नाही, एवढेच त्या गृहस्थांनी लिहिले होते. त्यातील ‘सहसा’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. कारण ज्याने हे काम खरोखर केले आहे, त्यालाच ठाऊक असते, की कितीही डोळ्यांत तेल घातले तरी एखादा ‘प’ निसटतोच. प्रामाणिकपणाचा उच्चारही न करता तो त्या एका क्रियाविशेषणात उतरला होता.

मराठी दौलतीच्या दफ्तरात माणसाचे नाव आणि त्याचे काम यांत फारसे अंतर नसे. फारसीतील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचाच आपल्याकडे ‘नीस’ झाला, आणि चिटणीस, पोतनीस, सबनीस हे हुद्दे पुढे घराण्यांची आडनावे होऊन बसले. बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) यांनी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत साऱ्या राज्याची सूत्रे हाती धरली, निजाम, हैदर आणि इंग्रज यांच्याशी तह-करार केले. तरी लोकांच्या तोंडी ते राहिले नाना फडणीसच, म्हणजे हिशेबाचा फड सांभाळणारे. वाढलेल्या अधिकाराला साजेसे भारदस्त नाव शोधण्याची निकड त्या पुरुषाला भासली नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

याहून विलक्षण प्रसंग १९२२ च्या मार्चमधला. राजद्रोहाच्या आरोपाखाली गांधीजींना अहमदाबादेस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणले, तेव्हा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या आणि दक्षिण आफ्रिकेत वकिली गाजवलेल्या त्या आरोपीने आपला पेशा शेतकरी व विणकर असा सांगितला. हा नुसता आविर्भाव होता, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण साबरमतीच्या आश्रमात तेव्हा माग चालत होते, आणि ज्या लोकांच्या वतीने ते उभे होते, त्यांच्याच पंक्तीत बसण्याचा निर्णय त्या दोन शब्दांत होता. स्वतःसाठी निवडलेल्या शब्दाला असे हातांचे पाठबळ असले, म्हणजे तो शब्द कितीही साधा असो, त्याचे वजन न्यायासनालाही जाणवते.

परंतु शब्द निवडण्याची ही मुभा सर्वांना कोठे आहे? आपल्या अंगणवाड्यांत सेविका आणि मदतनीस अशी दोन पदे आहेत, आणि त्यांना जे मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. काम रोजचे, हजेरी रोजची; पण ‘सेवा’ आणि ‘मान’ हे दोन उदात्त शब्द पुढे करून ‘कर्मचारी’ हा तिसरा, साधा शब्द त्यांना नाकारला जातो, आणि त्याच्यासोबत त्या शब्दाचे हक्कही. त्या स्त्रिया या एका शब्दासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतात, ते मला अगदी रास्त वाटते.

परवा बँकेत अशाच एक मदतनीस बाई माझ्या शेजारी बसून खात्याचा अर्ज भरीत होत्या. व्यवसायाच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी अडली.

“काका, इथं काय लिहू? गृहिणी लिहू का?”

“तुम्ही करता काय?”

“सकाळी पोरं गोळा करून आणते, अंगणवाडी झाडते, खिचडी शिजवते, भांडी घासते. पण साहेब म्हणतात, ही नोकरी नव्हे.”

मी काही सांगण्याच्या आधीच त्यांनी लेखणी टेकवली होती. ‘नोकरी’ ही तीन अक्षरे त्यांनी सावकाश, गोल वळणात काढली, आणि मग हात न उचलता तिन्हींवरून एकच लांब शिरोरेघ ओढली.